मारबत चालते, मेटल का नाही?

मागच्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जुंपली. भाचा ड्रम वाजवतो. त्याच्या बँडने थ्रॅश, ब्लॅक आणि डेथ मेटल, म्हणजे हेवी मेटल रॉकचे तीन कर्कश प्रकार, एकत्र कालवून सहा गाण्यांचा अल्बम काढलाय, तोही वऱ्हाडीत. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये दुसऱ्याच गाण्याला आयोजकांनी माईक बंद केला. भाऊजींनी लिहिलं, 'शेपटीवर पाय पडल्यासारखं बोंबलते पोट्टं, याला गाणं म्हणतात काय?' कुणी नॉर्वेत १९९२ साली ब्लॅक मेटलवाल्यांनी जाळलेल्या चर्चची बातमी टाकली, कुणी आपली संस्कृती काढली. शेवटी ताईने मला विचारलं, 'तिकडे चालतं का रे हे?'

मी एसेनला राहतो, जर्मनीच्या एकेकाळच्या कोळशाच्या पट्ट्यात. क्रिएटर हा थ्रॅश बँड याच गावचा. त्यांचा 'प्लेझर टू किल' हा अल्बम १९८६ साली आला तेव्हा गायक मिले पेट्रोझ्झा अठरा वर्षांचा होता, म्हणजे आमच्या पोट्ट्यापेक्षा लहानच. वेग थ्रॅशचा, पण गळा असा खरवडलेला की पुढे डेथ आणि ब्लॅक मेटलवाल्यांनीही तो अल्बम आपलाच मानला. काही गाणी तर ड्रमरच म्हणतो, हात न थांबवता. शेजारच्या गेल्सेनकिर्शेनच्या सोडोम या बँडचा गायक टॉम एंजलरिपर कोळशाच्या खाणीत कामाला होता. म्हणजे हा काही रिकामटेकड्या श्रीमंत पोरांचा छंद नव्हता. त्याच १९८६ च्या डिसेंबरात इथली झोलफेराइन खाण बंद पडली. आज ती जागतिक वारसा आहे, लोक तिकीट काढून बघायला जातात.

तर ताई, आता चालतं. माझ्या खालच्या मजल्यावरचा साठीचा म्हातारा बिल्ले शिवलेलं डेनिमचं जाकीट घालून कॉन्सर्टला जातो. हाच माणूस एका रविवारी माझ्या दारात आला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, तुमच्या कुकरची शिट्टी जरा कमी होईल का? इथे रविवार शांततेचा, आणि रोज रात्री दहा ते सकाळी सहा आवाज बंद. दहा ते सहाचा नियम आपल्याकडेही आहे, लाउडस्पीकरसाठी, २००० सालापासून. पण मिरवणुकीच्या डीजेने खिडकीच्या काचा थरथरल्या तर आपण काचेला हात लावून उभे राहतो, आणि खोलीत गाद्या लावून तालीम करणाऱ्या पोरांवर मात्र सोसायटीत अर्ज जातो. भाऊजी, तुमचं भांडण आवाजाशी नाहीच.

राक्षसी वाटतं म्हणता? अहो, आपण नागपूरचे! तान्ह्या पोळ्याला काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले दोन भलेमोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात तेव्हा इतवारीत पाय ठेवायला जागा नसते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. लहानपणी मी तुमच्याच खांद्यावर बसून ती काळी बाई बघितली होती. लाल जीभ, गर्दीचा घाम, ढोल, आणि हजारो गळ्यांतून एकच आरोळी, 'घेऊन जा गे मारबत!' रोगराई, महागाई, भ्रष्टाचार, जे जे छळतं त्याचे बडगे, म्हणजे पुतळे, करायचे, गावभर मिरवायचे आणि जाळायचे. तिथे कुणी म्हणतं का, केवढं हे अभद्र? वाईटाला तोंड द्यायचं, चेहरा द्यायचा, मग आरडाओरडा करून हाकलायचं. त्या अठरा वर्षांच्या पोराने एसेनमध्ये वेगळं काय केलं?

चर्च जाळणं हा गुन्हाच होता, जाळणारे तुरुंगात गेले. त्याचं समर्थन माझ्याकडून मागू नका. आणि 'प्लेझर टू किल'मधले शब्द म्हणाल तर नुसता रक्ताचा चिखल, वयाला शोभेलसा.

भाच्याचाही अल्बम मला सगळा आवडला असं नाही. तिसरं गाणं उगाच ताणलंय. बास गिटार ऐकूच येत नाही. आणि एवढी वऱ्हाडीत लिहिलीत तर एक तरी ओळ कळू द्या की बाप्पा! पण शेवटचं गाणं नवतप्यावर आहे. डबल बास ड्रम आधी हळू, एकसारखा, दुपारी दोनला कूलर घरघरतो तसा, आणि मग एकदम झळ अंगावर यावी तशी गिटार फुटते. मी ते खालच्या म्हाताऱ्याला ऐकवलं. नवतपा म्हणजे काय, त्याने विचारलं. मेअखेरचे नऊ दिवस, पारा पंचेचाळीसच्या वर, म्हटलं. त्याने गाणं परत लावायला सांगितलं.

पोळ्याला येतोय. भाऊजी, मारबत बघायला सोबत जाऊ. आणि पोट्ट्याला सांगा, तोवर तो बास वर कर म्हणावं.