नोटरी नको, रजिस्ट्रेशनच करा

‘अकरा महिन्यांचं तर ॲग्रीमेंट आहे, नोटरी करून टाकू, कशाला उगाच खर्च?’ पुण्यात भाड्याचं घर शोधायला निघालात की कोणी ना कोणी एजंट हे ऐकवणारच. अजिबात ऐकू नका.

वर्षाच्या आतल्या कराराला रजिस्ट्रेशन लागत नाही, हे दुसऱ्या राज्यांत चालत असेल. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे ठराविक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार) लेखी आणि नोंदवलेलंच हवं, मुदत कितीही असो. जबाबदारी घरमालकाची. टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरतात, मालक उलटं सिद्ध करेपर्यंत. म्हणजे घाबरायला हवं मालकाने, आणि घासाघीस करतो आपण!

बरं, खर्च तरी किती? भाडं २०,०००, डिपॉझिट एक लाख, मुदत ११ महिने धरा. एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं १० टक्के व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का स्टॅम्प ड्युटी, म्हणजे पावणेसहाशेच्या आसपास. शहरात नोंदणी फी १,०००. एजंट बायोमेट्रिक घ्यायला घरी येतो, त्याचे वेगळे. महिन्याच्या भाड्याएवढी ब्रोकरेज मुकाट मोजणारी माणसं इथे का अडतात, मला कळत नाही.

खरी भांडणं डिपॉझिटची. आपल्या कायद्यात त्याला कमाल मर्यादा नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्याची आहे, पण तो राज्याने स्वीकारला तरच लागू. त्यामुळे जे काही वाचवेल ते करारातलं वाक्यच. माझ्या मावसभावाने वाकडचा फ्लॅट सोडला तेव्हा मालकाने ‘पेंटिंग’ म्हणून अख्ख्या महिन्याचं भाडं कापलं. बेडरूमच्या भिंतीला ओल आधीपासून होती, पण पुरावा काय? चावी घेतानाच प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, गीझर-नळ चालवून, मीटरचं रीडिंग दिसेल असा, आणि त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲप करा. चावी परत देताना डिपॉझिट त्याच दिवशी, पेंटिंगचे पैसे कोणाचे, लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही) किती, हे करारात लिहून घ्या. ‘आपण घरातलेच आहोत’ म्हणणाऱ्या मालकाकडून तर आधी.

मुदत संपल्यावर मात्र ‘अजून दोन महिने राहू’ असं परस्पर ठरवू नका. त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली मालक दुप्पट भाडं मागू शकतो.

आणि सोसायटी. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी लावते ते पैसे, मालकाच्या बिलात येतात आणि सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाहीत. कोणी ते भाड्यावर वेगळे मागितले, तर आधी सोसायटीचं बिल दाखवा म्हणायचं.