‘सगळ्यांची कहाणी एकच’ म्हणणाऱ्यांना उत्तर

मुंबईतल्या तृतीयपंथीयांच्या जीवनकथा त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून जतन कराव्यात, असा विषय निघाला की एक ठरावीक युक्तिवाद हमखास पुढे येतो, आणि पुढे ढकललेल्या संदेशांमधून तो आता घरोघरी पोचला आहे. थोडक्यात तो असा. या मंडळींची कहाणी एकूण एकच: लहानपणीचे वेगळेपण, मारहाण, घर सुटणे, गुरू आणि सिग्नलवरची मंगती. दोन-चार आत्मचरित्रे छापून झाली आहेत, तेव्हा आणखी शेकडो मुलाखती कशाला? सरकारदरबारी त्यांची नोंद आहेच. शिवाय त्या सांगतात त्यातले खरे किती, हे तपासणार कसे? मुळात हे अमेरिकेतून आलेले खूळ; आपल्याकडे त्यांना परंपरेनेच मान होता. आणि नोंद करून आपण त्यांचेच नुकसान करतो. यातला शेवटचा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला तसेच उत्तर द्यायला हवे. बाकीचे ऐकायला पटणारे असले, तरी तपासायला घेतले की टिकत नाहीत.

पहिला मुद्दा कहाणी एकच असल्याचा. एकच कहाणी ऐकू येते हे मान्य करू. पण ती कोणापुढे सांगितली जाते, हेही पाहावे लागते. शस्त्रक्रियेसाठी मानसोपचारतज्ज्ञाचे प्रमाणपत्र हवे असलेल्या व्यक्तीला, ‘लहानपणापासूनच मला असे वाटत होते’ हे वाक्य आले नाही तर कागद अडतो, हे आधी गेलेल्यांनी शिकवून ठेवलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात जन्मावेळच्या लिंगापेक्षा वेगळी असलेली ही ओळख कित्येक वर्षे मानसिक विकारांच्या प्रकरणात होती. तिथून ती काढणारी सुधारित आवृत्ती 2022 मध्ये लागू झाली. डॉक्टरांच्या टेबलानंतर पोलीस ठाणे येते, मग स्वयंसेवी संस्थेचा प्रकल्प अहवाल, मग सणासुदीच्या पुरवणीसाठी आलेला पत्रकार. केव्हा कळले, घरच्यांनी काय केले, पुढे काय झाले, हे तीन प्रश्न सगळेच विचारतात. वर्षानुवर्षे तेच विचारल्यावर उत्तर घासून गुळगुळीत झाले, तर तो दोष सांगणारीचा कसा?

प्रश्न बदलून पाहावा. मुंबईत पहिली खोली कोणाच्या नावावर घेतली, डिपॉझिट कोणी भरले, भाडेकरारावर कोणते नाव आणि कोणता फोटो होता, अकरा महिने संपल्यावर घरमालक काय म्हणाला? लोकलच्या कोणत्या पट्ट्यात कोणी मंगती करायची हे कोण ठरवते, आणि दुसऱ्या घराण्याच्या, म्हणजे वेगळ्या गुरुपरंपरेच्या, हद्दीत बधाई (जन्म-लग्नाच्या घरून आशीर्वादाबद्दल मिळणारे पैसे) घेतली तर पंचांपुढे दंड काय बसतो? गुरू वारल्यावर डेऱ्यातले, म्हणजे गुरू-चेल्यांच्या एकत्र घरातले, सोने, भांडी, खोलीची किल्ली कोणाकडे गेली, आणि थोरल्या चेल्याला ते मान्य झाले का? या प्रश्नांना दोघींचे उत्तर सारखे येत नाही. भेंडीबाजारवाले, लालनवाले, बुलाकवाले, पूनावाले या हिजड्यांच्या घराण्यांच्या रीती ढोबळमानाने सारख्या भासल्या, तरी वाटणीची आणि वादाची हकीकत डेऱ्यागणिक निराळी असते. ज्या भेंडीबाजाराचे नाव एक घराणे मिरवते, तिथे सुमारे साडेसोळा एकरांवर पुनर्विकास चालू आहे. जुन्या चाळींतल्या कोणत्या जिन्यावर कोण राहत होते, हे सांगू शकणारी माणसे थकली आहेत, आणि त्या बाबतीत पालिकेचा नकाशा त्यांची जागा घेऊ शकत नाही.

या दाव्यात आणखी एक मोठे भोक आहे. ‘सगळे’ म्हणताना दावेदाराच्या डोळ्यांसमोर साडी नेसून टाळी वाजवणारी एकच व्यक्ती उभी असते. मुलगी म्हणून वाढवला गेलेला आणि आज पुरुष म्हणून जगणारा माणूस या कथेत बसतच नाही. त्याच्यासाठी डेरा नाही, गुरू नाही, बधाई नाही. त्याचा झगडा लेडीज हॉस्टेल, दहावीच्या प्रमाणपत्रावरचे नाव, लग्नासाठी बघायला येणारी स्थळे आणि लोकलच्या पुरुषांच्या डब्यात पहिल्यांदा चढण्याचा दिवस यांच्याशी असतो. सांगली-कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातून पोटासाठी मुंबईत आलेले जोगते तर यल्लम्मा देवीच्या नावाने सोडलेले; घर सुटणे, गुरू मिळणे या शब्दांचा त्यांच्या आयुष्यातला क्रमच वेगळा. गावी बायको-मुले असलेली आणि मुंबईत साडी नेसणारी कोती (बायकी वळणाच्या पुरुषांनी स्वतःसाठी वापरलेला शब्द) यांपैकी कोणासारखी? एकाच साच्याची तक्रार करणाऱ्यांनी साचा स्वतःच आणलेला आहे.

दुसरा मुद्दा सरकारी नोंदीचा. ती आहे, पण तिच्यात काय आहे ते उघडून पाहू. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग खास ‘युनक’ (नपुंसक, हिजडे) ठरवलेल्या लोकांसाठी होता. संशयितांची नावे आणि पत्ते नोंदवहीत चढवायचे, मालमत्तेची माहिती घ्यायची, आणि नोंद झालेली व्यक्ती बायकी पोशाखात किंवा दागिने घालून रस्त्यावर दिसली, तिथे नाचली-गायली, तर तिला वॉरंटशिवाय अटक करायची, अशी तरतूद होती. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. अशा व्यक्तीला दत्तक घेता येत नसे, मृत्युपत्र करता येत नसे, अल्पवयीनाचे पालकत्व मिळत नसे. तो भाग मुख्यतः उत्तरेकडच्या प्रांतांत राबवला गेला. निजामाच्या राज्यातही 1329 फसली, म्हणजे 1919 सालचा, अशाच धर्तीचा कायदा होता, आणि मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. तेलंगणा उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला तो थेट 2023 मध्ये. इतकी वर्षे सरकारने ‘नोंद’ केली ती पाळत ठेवण्यासाठी.

स्वातंत्र्यानंतरची कथा इतकी क्रूर नाही, पण ती पोकळ आहे. 2011 च्या जनगणनेत पहिल्यांदा स्त्री-पुरुषांखेरीज ‘इतर’ हा पर्याय आला आणि देशात 4,87,803, महाराष्ट्रात 40,891 अशी संख्या निघाली. देशाच्या आकड्यात सहा वर्षांपर्यंतची 54,854 मुलेही आहेत. ती नोंद त्या मुलांनी स्वतः केलेली असणे शक्यच नाही. एड्स प्रतिबंधाच्या कार्यक्रमात तृतीयपंथीयांना दीर्घकाळ ‘पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष’ या रकान्यात टाकले गेले, त्यामुळे त्या काळातल्या ढीगभर प्रश्नावल्यांत निरोधचा वापर सापडतो, माणूस सापडत नाही. तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या 2019 च्या कायद्याने ओळखपत्राची वाट जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून काढली, पण त्यातल्या व्याख्येप्रमाणे कुटुंब म्हणजे रक्ताच्या नात्याने, विवाहाने किंवा कायदेशीर दत्तकविधानाने जोडलेली माणसे. गुरू, चेला, गुरुबहीण, नातीचेला यांपैकी एकही नाते त्या व्याख्येत बसत नाही. ज्या नात्यांवर मुंबईतल्या हजारो जणींचे आजारपण, म्हातारपण आणि अंत्यविधी चालतो, त्यांचा दाखला फक्त तोंडी सांगण्यातच उरतो.

तिसरा आक्षेप खरेपणाचा. ‘पोटासाठी रचून सांगतात’ हे वाक्य ज्या सहजतेने इथे फेकले जाते, त्या सहजतेने ते निवृत्त अधिकाऱ्यांच्या आठवणींच्या पुस्तकांबद्दल कोणी फेकत नाही, हे नोंदवून पुढे जाऊ. आपल्या पुरावा कायद्यात एखादी रूढी अस्तित्वात होती की नव्हती हे ठरवताना जाणत्या माणसांचे मत ग्राह्य धरले जाते. गुरूच्या संमतीशिवाय चेल्याने केलेले मृत्युपत्र हिजडा समाजाच्या रूढीपुढे टिकत नाही, असे मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने 1990 साली म्हटले. अशी रूढी मांडायची तर ती जगणाऱ्यांनी बोलण्याखेरीज मार्ग कोणता? सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी तृतीयपंथीयांना तिसरे लिंग म्हणून मान्यता दिली, त्या निकालपत्रात ठाण्याच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी मांडलेली स्वतःची हकीकत आहे, आणि इतरांची आत्मकथनेही उद्धृत केलेली आहेत. न्यायमूर्तींना युक्तिवादाच्या जोडीला त्या कथा महत्त्वाच्या वाटल्या.

मुलाखत म्हणजे वेदवाक्य, असे मात्र कोणीच म्हणत नाही. साल चुकते, दोन घटना एकात मिसळतात, दुसरीचा प्रसंग नकळत स्वतःचा होऊन जातो. म्हणूनच एकाच डेऱ्यातल्या तिघींना वेगवेगळे बसवून विचारायचे असते, जुना फोटो आणि पास काढायला लावायचे असतात, गुरू समोर बसलेला असताना आणि नसताना चेला काय सांगते याची तुलना करायची असते. काही वेळा मुद्रित आवाजच दंतकथा खोडून काढतो. न्यूयॉर्कमध्ये 1969 च्या जूनमध्ये स्टोनवॉल इन या समलिंगी लोकांच्या बारवर पोलिसांचा छापा पडून दंगल पेटली, आणि तिची सुरुवात तिथल्या कार्यकर्त्या मार्शा पी. जॉन्सन यांनी वीट भिरकावून केली, असे जगभर सांगितले जाते. जॉन्सन यांची मुलाखत टेपवर आहे. तीत त्या सांगतात की त्या पोचल्या तेव्हा रात्रीचे दोनच्या सुमाराचे वाजले होते आणि दंगल आधीच सुरू झालेली होती. वीट त्यांच्या हातात दिली ती पुढच्या सांगणाऱ्यांनी. त्या 1992 मध्ये गेल्या. टेप नसती तर ती वीट कायमची त्यांच्या नावावर राहिली असती.

परदेशी खुळाच्या मुद्द्यावर फार वेळ घालवायला नको. न्यूयॉर्कमध्ये पारलिंगी (ट्रान्सजेंडर) स्वयंसेवकांनी तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या सहकार्याने असा संग्रह उभा केला आहे, हे खरे. पण हेमा राईरकर आणि गी प्वातवॅं या संशोधकांनी पुण्याहून महाराष्ट्राच्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि गाणारणीचे नाव-गाव ओवीसोबत ठेवले, ते कोणत्या परदेशाचे खूळ होते? राहिला परंपरेतला मान. मराठी मुलखात हिजड्यांना वतनी हक्क होते, जमिनीचे तुकडे होते, रयतेकडून पैसा आणि धान्य मागण्याचा अधिकार होता, हे एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई इलाख्याच्या महसुली कागदांवरून दिसते. इंग्रजी अंमलात ते हक्क वारसांकडे चालू ठेवायला नकार मिळाला, हेही त्याच कागदांवरून कळते. म्हणजे मान होता म्हणणाऱ्याने तो केव्हा, कोणी आणि कसा काढून घेतला तेही सांगायला हवे. कागदांत कलेक्टरांचा पत्रव्यवहार आहे. वतन गेल्यावर त्या माणसांनी काय केले, ते विचारणारा तेव्हा कोणी नव्हता.

आता नुकसानीचा आक्षेप. ज्या समाजाला नोंदवही म्हणजे पोलिसांची वही हे ठाऊक आहे, त्याने ध्वनिमुद्रकाकडे संशयाने पाहिले तर नवल नाही. पूर्वीचे नाव बाहेर फुटले तर नोकरी जाऊ शकते, खोली सोडावी लागू शकते, गावाकडच्या बहिणीचे ठरलेले लग्न मोडू शकते. नाव बदलले तरी आवाजावरून बस्तीत ओळख पटते, आणि ‘स्टेशनच्या मागची दुसरी गल्ली’ एवढा उल्लेखही पुरतो. गुरूच्या तक्रारी सांगणाऱ्या चेल्याला त्याची किंमत जमातीतही मोजावी लागते. हे सगळे खरे आहे, आणि घाईघाईने मुलाखती उरकून इंटरनेटवर चढवणाऱ्यांनी हे नुकसान केलेलेही आहे.

पण त्यावरून नोंदच नको असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी एक प्रश्न स्वतःला विचारावा. लोकलमधल्या भांडणाचे, सिग्नलवरच्या टाळ्यांचे, पोलिसांनी पकडून नेतानाचे व्हिडिओ त्यांच्याच मोबाइलवरून रोज पुढे जातात; तिथे चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो आणि परवानगी कोणी घेतलेली नसते. अशी नोंद चालते आणि संमतीने केलेली चालत नाही, हा कळवळा नीट समजत नाही.

संमती मात्र खरी हवी. अर्ज इंग्रजीत छापून अंगठा घेणे म्हणजे संमती नव्हे. मुंबईत या मुलाखती मराठी, हिंदी, तेलुगू, तमीळ, कानडी, बंगाली अशा भाषांत होतील, तेव्हा अटी त्या-त्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवायला हव्यात, आणि तेही मुलाखतीआधी एकदा व ध्वनिमुद्रण ऐकवल्यानंतर पुन्हा. कोणता भाग कधीच उघडायचा नाही, कोणता वीस वर्षांनी, कोणता आपल्या मृत्यूनंतर, हे सांगणारीने ठरवावे, आणि ठरवलेले बदलण्याची मुभा तिला शेवटपर्यंत असावी. मूळ ध्वनिमुद्रण आणि नावांची यादी एका ठिकाणी ठेवू नये. प्रत तिच्या हाती द्यावी, आणि फोन डेऱ्यात सगळे वापरत असतील तर ती फोनवर पाठवू नये. दुपारभर बसून बोलणे म्हणजे मंगतीचा बुडालेला दिवस. त्याची भरपाई अगोदर ठरवून द्यावी, आणि तिने मध्येच उठून जायचे म्हटले तरी ती कापू नये. ज्या संस्थेला एवढे परवडत नसेल, तिने या कामात पडू नये. आणि हे सगळे करूनही कोणी नको म्हणाले, तर यंत्र पिशवीत टाकून, दिलेला चहा पिऊन निघावे.