माझ्या मेडिकलमधली गोळी चेटूक नाही

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाल्यापासून एक लांबलचक मेसेज आमच्या वेंगुर्ला-मालवणकडच्या ख्रिस्ती घरांतून फिरतो आहे. मला तो सहा जणांनी पाठवला, त्यांतले दोघे माझ्याच दुकानात औषधं घेतात. त्यात लिहिलंय ते थोडक्यात असं: खऱ्या ख्रिस्ती माणसाला डिप्रेशन येतच नाही, आलं तर विश्वासात खोट आहे किंवा पाप लपवलेलं आहे. मनाचा आजार हे दुष्टात्म्याचं काम, त्यावर उपास आणि प्रार्थना हाच उपाय. ‘फार्मसी’ हा शब्द ग्रीक ‘फार्माकेया’वरून आला, आणि गलतीकरांस पत्रात त्या शब्दाचा अर्थ चेटूक, म्हणून या गोळ्या चेटूक. त्यांची सवय लागते. आणि शेवटी, येशूच्या जखमांनी आपण बरे झालोच आहोत, तेव्हा आजच गोळ्या बंद करा आणि साक्ष द्या.

मी चोवीस वर्षं मेडिकल चालवते. रविवारची मिस्सा चुकवत नाही. माझा सख्खा भाऊ मनाच्या आजारासाठी लिथियमवर आहे. त्यामुळे यातल्या एकाही वाक्याला मी ‘असेल कुणाचं मत’ म्हणून सोडू शकत नाही.

चेटकाचा मुद्दा आधी घेते, कारण तो थेट माझ्या दुकानाच्या पाटीवर येतो. गलतीकरांस 5:20 मध्ये ‘फार्माकेया’ आहे, खरं आहे. मराठी बायबलात तिथे ‘चेटके’ म्हटलंय, तेही बरोबर. मंत्र घालून काढे पाजणं, कुणाला वश करायला किंवा संपवायला काहीबाही देणं, असले प्रकार ते पत्र लिहिणाऱ्या पौलाच्या काळी चालत, त्याबद्दल तो बोलतो आहे. पण मूळ शब्द ‘फार्माकॉन’. त्याचा अर्थ औषधही होतो, विषही होतो आणि मंतरलेला काढाही. कुठे कुठला घ्यायचा ते वाक्य ठरवतं. आपल्याला हे कळायला ग्रीक शिकायची गरज नाही. ‘काजूवर औषध मारलं’ म्हटलं की आपण कीटकनाशक समजतो. ‘आजीला औषध दिलं’ म्हटलं की खोकल्याची बाटली डोळ्यांसमोर येते. आणि कुणाच्या घरातून ‘त्याने औषध घेतलं’ असा रात्री फोन आला, तर आपण गाडी काढून धावतो. शब्द तोच. म्हणून आजीची बाटली विष ठरते का?

बरं, हा शब्द बायबलात फक्त चेटकापुरता येतो असंही नाही. बेनसिराच्या पुस्तकाचा 38वा अध्याय उघडा. वैद्याचा मान राख, कारण त्यालाही प्रभूनेच निर्माण केलं आहे, अशी तिथे सुरुवात आहे. चौथ्या ओवीत म्हटलंय की प्रभूने जमिनीतून औषधं उत्पन्न केली आणि शहाणा माणूस त्यांना नाकारणार नाही. ग्रीक प्रतीत या ‘औषधां’साठी शब्द आहे ‘फार्माका’. त्याच पुस्तकात 6:16 मध्ये विश्वासू मित्राला जीवनाचं औषध म्हटलंय, तिथेही ‘फार्माकॉन’च. प्रोटेस्टंट बंधुभगिनी हे पुस्तक पवित्र शास्त्रात धरत नाहीत, ठाऊक आहे मला. त्यांच्यासाठी दुसरा दाखला देते. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अंत्युखियाचे बिशप इग्नेशियस यांना रोमला मारण्यासाठी नेत होते. त्या वाटेवर इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी प्रभुभोजनाच्या भाकरीला ‘अमरत्वाचं औषध’ म्हटलं, ‘फार्माकॉन अथानासियास’. ख्रिस्तासाठी जीव देणारा माणूस ज्या शब्दाने ख्रिस्तशरीराचं वर्णन करतो, तोच शब्द दाखवून आज एखाद्या बाळंतिणीच्या हातातली गोळी काढून घेतली जाते. याचा मला मनापासून राग येतो.

जमिनीतून औषधं, हे तर आपल्या डोळ्यांसमोरचं आहे. सह्याद्रीच्या रानात सर्पगंधा उगवते. तिचं मूळ वेडावर देतात, हे वैद्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. 1931 मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ते रक्तदाबावरच्या उपयोगासह शास्त्रीय नियतकालिकात मांडलं. 1952 मध्ये त्या मुळातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं, आणि मनोरुग्णांना दिलेल्या आधुनिक औषधांच्या पहिल्या फळीत ते होतं. पुढे मागे पडलं, कारण काहींना त्यानेच उदास वाटू लागे. औषधं अशीच पारखली जातात. माझा भाऊ घेतो ते लिथियम तर खडकात आणि झऱ्यांच्या पाण्यात सापडणारा क्षार. 1949 मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी ते उन्मादाच्या रुग्णांना देऊन पाहिलं. यात मंत्र कुठे आहे?

आता विश्वासात खोट असल्याचा मुद्दा. 1 राजे, अध्याय 19. एलीया संदेष्टा कर्मेल डोंगरावर एवढं मोठं चिन्ह दाखवून आलेला, आणि दुसऱ्याच प्रसंगात रानात एका झुडपाखाली बसून ‘हे परमेश्वरा, आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणतो. देव त्याला काय सांगतो? विश्वास वाढव असं नाही. पाप कबूल कर असंही नाही. तो झोपतो. देवदूत त्याला हलवून उठवतो, ऊठ, खा, म्हणतो. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा घडा उशाशी असतो. तो खातो आणि पुन्हा झोपतो. पुन्हा उठवून पुन्हा खायला दिलं जातं, कारण वाट लांबची आहे. बोलणं त्यानंतर. घरातल्या आजारी माणसाशी कसं वागावं हे मला याहून चांगलं कुणी शिकवलेलं नाही.

88वं स्तोत्र पाहा. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, हे वळत नाही, काळोखातच संपतं. आणि तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. गेथशेमाने बागेत प्रभूने स्वतःच आपला जीव मरणप्राय खिन्न झाल्याचं सांगितलं. त्याच्याही विश्वासात खोट होती, असं म्हणणार आहात का? पापाबद्दल तर योहान 9 मध्ये शिष्यांनी सरळच विचारलं होतं: हा आंधळा जन्मला तो कुणाच्या पापामुळे, ह्याच्या की आईबापांच्या? येशू म्हणाला, ह्याच्याही नाही, आईबापांच्याही नाही. लंडनचे बॅप्टिस्ट उपदेशक स्पर्जन यांना एकोणिसाव्या शतकात हजारो लोक ऐकायला येत. त्यांना वर्षानुवर्षं नैराश्याचे झटके येत, आणि ते आपल्या मंडळीला उघडपणे तसं सांगत. पोप फ्रान्सिस बेचाळीस वर्षांचे असताना सहा महिने दर आठवड्याला एका ज्यू मनोविश्लेषक बाईंकडे जात होते, हे त्यांनी स्वतः 2017 मध्ये सांगितलं.

दुष्टात्म्याबद्दल मी जपून लिहिते, कारण शुभवर्तमानात भुतं काढल्याचे प्रसंग आहेत आणि मी ते मानते. पण मत्तय 4:24 वाचा. येशूकडे आणलेल्यांची यादी आहे, त्यात भूतग्रस्त वेगळे, फेफरेकरी वेगळे, पक्षघाती वेगळे. लिहिणाऱ्याला फरक माहीत होता. मत्तय 17 मधल्या फेफरे येणाऱ्या मुलातून येशूने भूत काढलं, हे कुणी पुढे करील. ठीक. पण तो मेसेज पाठवणाऱ्यांपैकी एक जण आपल्या मुलाची फिटची गोळी दर महिन्याला माझ्याकडून नेतात, एक दिवस चुकू देत नाहीत. अगदी बरोबर करतात. मग मेंदूच्या एका आजाराला गोळी चालते आणि दुसऱ्याला चालत नाही, हे ठरवलं कुणी?

कॅथलिक चर्चने तर हे चारशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे. 1614 च्या रोमन विधिग्रंथात भूत काढणाऱ्या धर्मगुरूला पहिली ताकीद हीच दिली आहे की कुणाला बाधा झाली आहे असं पटकन मानू नकोस, विषण्णतेने किंवा दुसऱ्या एखाद्या रोगाने पछाडलेल्यांपासून असा माणूस कसा ओळखायचा त्याची लक्षणं माहीत करून घे. आजच्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या 1673व्या परिच्छेदात स्पष्ट आहे की आजार, विशेषतः मानसिक आजार, ही अगदी वेगळी गोष्ट असून तिचा उपचार वैद्यकशास्त्राने करायचा. आणि चर्चच्या कायद्याच्या (कॅनन लॉ) 1172व्या कलमानुसार बिशपांच्या खास परवानगीशिवाय कुणालाही भूत काढण्याचा विधी करता येत नाही, कुणाच्या अंगणात मांडव घालून तर नाहीच. आमच्या वाडवडिलांना पाद्री बजावायचे, घाड्याकडे, म्हणजे भूत उतरवणाऱ्याकडे, जाऊ नका, ‘बाहेरचं’ झालंय म्हणू नका. आता तेच ‘बाहेरचं’ वचनं जोडून आपल्या दारात परत आलं आहे.

सवय लागते, या मुद्द्यात अर्धं खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. अल्प्राझोलॅमसारख्या झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांची सवय लागते. म्हणून तर त्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नसतात, आणि आम्हाला त्यांची वेगळ्या वहीत नोंद ठेवावी लागते. त्या थोड्या दिवसांसाठीच असतात. पण नैराश्यावरच्या एसिटालोप्राम किंवा सर्ट्रालिनची दारूसारखी ओढ लागत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. त्या अचानक थांबवल्या तर चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात झटके बसल्यासारखं होतं, म्हणून डॉक्टर हळूहळू कमी करतात. त्यांचा गुण यायलाही दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. नेमक्या याच काळात लोक ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडतात आणि असा मेसेज त्यांना गाठतो. वजन वाढतं, हात थरथरतात, तोंड कोरडं पडतं, हेही खरं आहे. ते डॉक्टरांना सांगायचं असतं, गोळी बदलता येते. गोळीने सगळं होतं असंही मी म्हणत नाही. बोलायला माणूस लागतो, झोप लागते, कामधंदा लागतो, आणि आम्हा विश्वासणाऱ्यांना प्रार्थना लागते.

राहिला साक्षीचा मुद्दा. ‘त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हांला आरोग्य प्राप्त झाले’ हे यशयाच्या 53व्या अध्यायातलं. त्याच यशयाच्या 38व्या अध्यायात हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. देवाने त्याची प्रार्थना ऐकली, आयुष्याची पंधरा वर्षं वाढवून देण्याचं वचन दिलं. आणि त्यानंतरही संदेष्टा यशया सांगतो, अंजिरांचा लेप आणा आणि गळवावर बांधा. वचन मिळालं होतं, तरी लेप लागलाच. पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवून पुढे जातो, आणि त्याच्या सोबत्यांत ‘प्रिय वैद्य लूक’ असतो. वेंगुर्ल्यात मिशनऱ्यांनी इस्पितळ उभारलं, त्याला नाव याच लूकचं दिलं.

माझा भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी धाकटा. सत्ताविसाव्या वर्षी, ऐन काजूच्या हंगामात, पंधरा दिवस तो जवळजवळ झोपलाच नाही. कारखाना काढायचा म्हणून लोकांकडून पैसे उचलले, कुडाळपासून देवगडपर्यंत मोटरसायकलवर जागा बघत फिरला. पावसात तोच माणूस पडवीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. डॉक्टरांनी बायपोलर सांगितलं, म्हणजे कधी उन्माद, कधी नैराश्य. लिथियमवर सहा वर्षं चांगली गेली. रक्तातली पातळी आम्ही वेळच्या वेळी तपासायचो, उन्हात बागेत राबताना पाणी कमी पडू द्यायचो नाही, अंगदुखीची कुठलीही गोळी मला विचारल्याशिवाय त्याने घेतली नाही, कारण या दोन्हींनी लिथियम अंगात साचतं. मग एका प्रार्थनासभेला गेला आणि हसत घरी आला. म्हणाला, ‘बाय, देवान माका बरो केल्यान. माका आता गोळये नको.’ पट्ट्या त्याने समुद्रात टाकल्या होत्या. मला माहीत होतं की लिथियम एकदम सोडलं तर आजार उलटून येतो आणि जीव देण्याचा धोका वाढतो. तरी मी तीन दिवस गप्प राहिले, कारण घरात सगळे स्तुतीची गाणी म्हणत होते. ते तीन दिवस मला अजून टोचतात. नंतर मी बोलले, पण त्याने ऐकलं नाही. पाचव्या आठवड्यात झोप गेली. सातव्या आठवड्यात रात्री जेट्टीवरून त्याला मच्छीमारांनी घरी आणलं.

इस्पितळात तो सव्वीस दिवस होता. सभेतलं कुणी भेटायला आलं नाही. त्याचा विश्वास डळमळला म्हणून आजार परतला, एवढा निरोप मात्र आला. आजाराने त्याला जितकं पाडलं नव्हतं तितकं त्या निरोपाने पाडलं. आपण देवाला खोटं पाडलं असं तो रात्रभर पुटपुटायचा. आमचे फादर आले ते बाराव्या दिवशी. खाटेवर बसले, त्याच्या कपाळाला आणि हातांना आजाऱ्यांचं तेल लावलं, याकोबाच्या पत्रातली प्रार्थना म्हटली, आणि उठता उठता नर्सला विचारलं, ‘सकाळची गोळी दिली का?’

तो आता बागेत आहे, यंदाचा काजू बरा आहे.

ज्यांनी हा मेसेज वाचून गोळ्या थांबवल्या असतील त्यांना एक सांगायचं आहे. घाबरून आज रात्रीच जुना पूर्ण डोस घेऊ नका. लॅमोट्रिजिन किंवा क्लोझापिन हे मनाच्या आजारावरचं औषध मधेच थोडे दिवस जरी बंद राहिलं, तर पुन्हा अगदी कमी मात्रेपासून चढवत न्यावं लागतं, एकदम घेतलं तर जिवावर बेतू शकतं. आधी ज्यांनी लिहून दिलं त्या डॉक्टरांना फोन करा. ते दूर असतील तर ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जा. रत्नागिरीचं मनोरुग्णालय 1886 पासून आहे, तिथे नाव नोंदवलं म्हणून कुणी वेडा ठरत नाही. रात्री-अपरात्री 14416 वर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि दुकान उघडं असेल तेव्हा पट्टी घेऊन माझ्याकडे या, मागच्या खोलीत बसून बोलू, कुणाला कळणार नाही.