सहीचं पान

काल सोलापुरात नव्या पेठेतून येताना रद्दीच्या दुकानाशी थांबलो. कुणाचं तरी कपाट रिकामं झालं होतं, पुस्तकं काट्यावर चढायच्या बेतात. मी एकेक उघडून शीर्षकपानाची मागची बाजू बघायला लागलो. दुकानदार म्हणाला, “काय हुडकताय काका?” म्हटलं, “पहिली आवृत्ती. आणि सही.”

बारा वर्षं झाली, मी फक्त आत्मकथनंच जमवतोय. आत्मकथनाची पहिली आवृत्ती निघते तेव्हा घरचे, भावकी, गाव काय म्हणेल हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं. पुरस्कार, अभ्यासक्रम सगळं नंतरचं. दया पवारांचं ‘बलुतं’ ग्रंथाली प्रकाशनाने 1978 मध्ये काढलं. ‘अक्करमाशी’ 1984 चं. आपल्या अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे तेव्हा तिशीच्या आत होते. अशा पुस्तकावर लेखकाने सही करणं म्हणजे ‘होय, हे माझंच जगणं’ असं स्वतःच्या हाताने सांगणं. म्हणून मला कुणाचं तरी नाव घालून दिलेली प्रत जास्त प्यारी. नाव असलं की भाव उतरतो म्हणतात. उतरू दे. ते पुस्तक कुणीतरी समोर उभं राहून घेतलंय.

एकदा अशीच एक प्रत बांधणीला दिली. आपल्या उन्हाळ्यात डिंक वाळून पाठ तडकतेच. बाइंडरने नवा पुठ्ठा छान चढवला, पण पुढचं कोरं पान ‘खराब झालंय’ म्हणून फाडून टाकलं. सही त्याच पानावर होती. आता पानं सुटली तरी सुती कापडात गुंडाळून ठेवतो, बाहेर देत नाही.

सगळ्यात जास्त सलते ती मात्र न घेतलेली सही. जंगलावर लिहिणारे मारुती चितमपल्ली सोलापूरचे. 2006 चं साहित्य संमेलन इथेच झालं, अध्यक्ष तेच. त्यांच्या ‘चकवाचांदण’ या आत्मकथनाची 2005 ची पहिली आवृत्ती माझ्याकडे होती. शेवटची वर्षं ते सोलापुरातच राहायला होते, आणि मी ‘ऊन उतरलं की जाऊ’ म्हणत राहिलो. जून 2025 मध्ये ते गेले. पान कोरंच आहे.

‘कोल्हाट्याचं पोर’ 1994 चं. लेखक किशोर शांताबाई काळे करमाळा तालुक्यातले, 2007 मध्ये अपघातात गेले. करमाळ्याकडे कुणाच्या घरी त्यांच्या सहीची प्रत असेल तर कळवा. विकत मागत नाही. एकदा हातात घेऊन बघायची आहे, मी येईन तिकडे.