नव्या फोनात जुनी ॲप्स ‘चालवून देणारी’ ती लिंक उघडू नका

माझ्या आत्याचा नवा फोन अकरा दिवस खोक्यातच पडून होता. विचारलं तर म्हणाली, “अरे, ग्रुपवर आलंय ना, नव्या फोनात जुनी ॲप्स बंद पडतात म्हणून. बँकेचं गेलं तर पेन्शन जमा झाली की नाही ते कुठे बघू?” तो मेसेज आमच्या नात्यातल्या तीन ग्रुपांवर फिरलाय. पुढे ढकलणारे सगळे शिकलेसवरलेले आहेत, त्याचाच जास्त राग येतो.

मेसेज थोडक्यात असा: अँड्रॉइड १४ पासून जुनी सगळी ॲप्स बंद. कंपन्यांनी हे पैसे काढायला मुद्दाम केलंय. उपाय म्हणजे जुनं ॲप काढून टाका, प्ले प्रोटेक्ट (फोनातली ॲप्स तपासणारी गूगलची सोय) बंद करा आणि खालच्या लिंकवरून त्याच ॲपची ‘जुनी, चालणारी’ एपीके फाइल (प्ले स्टोअरशिवाय ॲप बसवायची फाइल) घ्या. नव्या फोनात गूगल अकाउंट टाकलं की बाकी सगळं आपोआप येतं, तेव्हा जुना फोन लगेच रीसेट करा. आणि यापुढे ॲप्स अपडेट करू नका.

ॲप्स तपासणं हेच माझं रोजचं काम आहे, म्हणून हे लिहितोय.

‘सगळी’ हा शब्द धादांत खोटा आहे. प्रत्येक ॲपच्या आत एक आकडा असतो: हे ॲप अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीसाठी बनवलंय ते सांगणारा. नवा फोन तो आकडा बघतो आणि जुन्या ॲपला बऱ्याच बाबतीत जुन्याच नियमांनी चालू देतो. २०२३ च्या अँड्रॉइड १४ ने एवढंच ठरवलं, की हा आकडा २३ पेक्षा (अँड्रॉइड ६ चा आतला क्रमांक २३ आहे) कमी असेल, म्हणजे ॲप २०१५ च्या अँड्रॉइड ६ च्याही आधीच्या नियमांवर अडलेलं असेल, तर ते नव्याने बसवता येणार नाही. अँड्रॉइड १५ ने ती रेघ २४ वर नेली. बँक, रेल्वे, गॅस, यूपीआय यांची ॲप्स सतत अपडेट होत असतात. ती या रेघेच्या आसपाससुद्धा नाहीत.

यात अर्धं खरं आहे, तेही सांगतो. आत्याचं पोथीचं एक ॲप आहे, बनवणाऱ्याने कित्येक वर्षांत हात न लावलेलं. ते नव्या फोनात खरंच बसलं नाही. जुन्याच फोनात अँड्रॉइडची नवी आवृत्ती घेतली असती तर आधीपासून बसलेलं ते ॲप तसंच राहिलं असतं; फोनच नवा असला की अडतं. शिवाय २०२२ च्या पिक्सेल ७ पासून काही फोन ३२ बिटची, म्हणजे जुन्या धाटणीच्या प्रोसेसरसाठी बनवलेली ॲप्स घेतच नाहीत. आयफोनवर हे २०१७ मध्येच, आयओएस ११ बरोबर झालं. तेव्हा एखादं जुनं ॲप गमावावं लागतं, हे मान्य.

पण ही रेघ का ओढली? गूगलने ॲप बनवणाऱ्यांसाठी लिहिलेल्या अँड्रॉइड १४ च्या माहितीत कारण स्पष्ट दिलंय. अँड्रॉइड ६ च्या आधी ॲप बसवतानाच एसएमएस, कॉन्टॅक्ट, माइक अशा सगळ्या परवानग्या एकगठ्ठा द्याव्या लागत. ६ पासून ॲपला प्रत्येक गोष्ट वेळेवर विचारावी लागते. हे विचारणं चुकवायला घातक ॲप्स बनवणारे आपल्या ताज्या ॲपमध्येही मुद्दाम २२ किंवा त्याहून कमी आकडा घालत. कुलूप त्यांच्यासाठी आहे.

आता त्या लिंककडे बघा. जुन्या आकड्याची फाइल अँड्रॉइड १४ वर बसत नाही, आणि प्ले प्रोटेक्ट बंद केल्यानेही बसत नाही, कारण ही अडवणूक खुद्द अँड्रॉइडची आहे. मग लिंकवरची फाइल बसते कशी? एक तर ते ॲप मुळात अडलेलंच नव्हतं. नाही तर कुणीतरी ती फाइल उघडून आत बदल केलाय. बदललेल्या फाइलवर मूळ कंपनीची डिजिटल सही उरत नाही, आणि सही जुळली नाही तर फोन ती मूळ ॲपवर चढवू देत नाही. “आधी जुनं ॲप काढून टाका” ही सूचना मेसेजमध्ये कशासाठी आहे, ते आता कळलं असेल. आत्या ते करायच्या बेतात होती, तेही बँकेच्या ॲपचं!

अशा फाइलला एसएमएस वाचायची परवानगी मिळाली की ओटीपी तिच्या हातात. ॲक्सेसिबिलिटी (अपंगांच्या सोयीसाठी असलेली, ॲपला स्क्रीन हाताळू देणारी परवानगी) मिळाली की स्क्रीनवरचं सगळं दिसतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात. लग्नपत्रिका आणि वाहनाचं ई-चलन म्हणून आलेल्या एपीके फाइलींनी आपल्याकडे लोकांची खाती रिकामी झाली आहेत. प्ले प्रोटेक्ट बाहेरून आलेल्या फाइली तपासतं, आणि मेसेज नेमकं तेच बंद करायला सांगतो. कुणी आधीच फाइल घेतली असेल तर इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, आणि पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

‘पैसे काढायला’ म्हणाल तर आत्याच्या फोनातलं एकही ॲप विकतचं नाही.

जुना फोन लगेच रीसेट करू नका. व्हॉट्सॲपचा बॅकअप चालू नसेल तर गप्पा, फोटो गेले. यूपीआय नव्या फोनात आपोआप येत नाही आणि येऊही नये: बँकेशी जोडलेल्या सिमवरून एसएमएस जाऊन फोनची पुन्हा नोंद होते. बँकेचं ॲपही पुन्हा नोंदवावं लागतं. सगळं चालतंय याची खात्री होईपर्यंत, निदान पंधरा दिवस, जुना फोन जवळ ठेवा.

आणि अपडेट करू नका म्हणे! पोथीचं ॲप अडलं ते अपडेट न झाल्यामुळेच.

आत्याचा फोन परवा मी सुरू करून दिला. बँकेचं ॲप प्ले स्टोअरवरून घेतलं, नोंदणीसकट वीस मिनिटं लागली. जुन्या फोनातून सिम काढलं, नेट बंद केलं आणि पोथी वाचायला तो देवघरात ठेवला. ग्रुपवर दादाने माझ्या सांगण्यावरून लिंक तेवढी काढली, पण “प्ले प्रोटेक्ट बंद करा” हे वाक्य तसंच ठेवून मेसेज पुन्हा टाकलाय. दादा, तोही आजच काढ, आणि जिथे जिथे पाठवलास तिथे हे पाठव.