‘गोव्यातल्या मराठी शाळेतून अंतराळवीर होत नाही’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

भारताचे अंतराळवीर शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जाऊन आल्यापासून एक मराठी संदेश गोव्यातल्या पालकांच्या ग्रुपवर फिरतो आहे. ‘मुलाला अंतराळवीर करायचंय? आधी हे वाचा’, असं त्याचं शीर्षक. मजकूर थोडक्यात असा: अंतराळवीर फक्त हवाई दलाचा वैमानिकच होतो. चष्मा लागला की विषय संपला. मराठी शाळेत शिकलेल्याला संधी नाही. गोव्यात याची काहीच सोय नाही, म्हणून मुलाला आठवीतच बाहेर पाठवा. पोर्तुगीज पासपोर्ट काढला तर नासाचा रस्ता मोकळा. आणि पैसे भरून ‘अंतराळवीर प्रशिक्षणा’चं प्रमाणपत्र घेतलं तर निवडीत प्राधान्य.

मी फोंडा तालुक्यात हायस्कूलच्या मुलांना विज्ञान शिकवते. हा संदेश वाचून शाळा बदलायच्या गोष्टी करणारे पालक मला भेटतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

वैमानिकाचा मुद्दा भारतापुरता आजच्या घडीला खरा आहे. गगनयान या भारताच्या मानवी अंतराळ मोहिमेसाठी निवडलेले चौघेही, प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुक्ला, हवाई दलाचे चाचणी वैमानिक आहेत. १९८४ मध्ये अंतराळात गेलेले राकेश शर्माही तेच होते. पण यामागचं कारण संदेशात नाही. यान नवीन असतं तेव्हा त्यात बसणाऱ्याचं मुख्य काम ते यान तपासणं हेच असतं. नवी होडी पहिल्यांदा समुद्रात घालताना सुकाणूवर तांडेलच बसतो, तसं. अमेरिकेनेही १९५९ मध्ये निवडलेले पहिले सातजण लष्करी चाचणी वैमानिकच होते, आणि सहाच वर्षांनी, १९६५ मध्ये, शास्त्रज्ञांची वेगळी तुकडी निवडली. त्यातले भूवैज्ञानिक हॅरिसन श्मिट १९७२ मध्ये चंद्रावर चालले. भारताचं स्वतःचं अंतराळ स्थानक २०३५ पर्यंत आणि चंद्रावर भारतीय माणूस २०४० पर्यंत, असं सरकारने जाहीर केलेलं उद्दिष्ट आहे. आज सातवीत असलेली मुलगी तेव्हा ऐन उमेदीत असेल. तोवर स्थानकावर प्रयोग करायला डॉक्टर, जीवशास्त्रज्ञ, अभियंते लागणारच, असं माझं स्पष्ट मत आहे. शुक्लांनी स्थानकावर केलेल्या भारतीय प्रयोगांत मूग आणि मेथीला मोड आणण्याचा एक प्रयोग होता. तो आखला धारवाडच्या शास्त्रज्ञांनी. आपल्याकडून चोर्ला घाट चढून बेळगाव ओलांडलं की धारवाड.

ज्यांना वैमानिकच व्हायचं आहे त्यांनी मात्र एक गोष्ट आत्ताच पक्की ठरवावी: अकरावीत गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र सोडायचं नाही. एनडीएतून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, हवाई दलात किंवा नौदलात जायला बारावीला हे तीन विषय लागतात. आमच्याकडची कितीतरी हुशार मुलं, आणि मुली जास्त, दहावीनंतर केवळ गणिताच्या भीतीने दुसरीकडे वळतात. दार तिथे बंद होतं, शाळेच्या माध्यमामुळे नाही. एनडीएत आता मुलींनाही प्रवेश आहे. त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून बाहेर पडली.

चष्म्याविषयी संदेशातलं सरसकट विधान चुकीचं आहे. नासाला दृष्टी चष्म्यासह ६/६ झालेली चालते, लेसर शस्त्रक्रियाही ठरावीक काळ उलटल्यावर चालते. युरोपियन अंतराळ संस्थेने २०२२ मध्ये जॉन मॅकफॉल यांना निवडलं. त्यांचा एक पाय अपघातात गेलेला आहे. लढाऊ वैमानिकासाठी नियम कडक आहेत हे खरं, म्हणून त्या वाटेने जायचं असेल तर दहावीच्या सुमारास नेत्रतज्ज्ञाकडून रंगदृष्टीसकट तपासणी करून घ्यावी. बाकीच्यांनी चष्म्याची चिंता करू नये.

मराठी शाळेचा मुद्दा मला सर्वांत जास्त लागला. होझे हर्नांडेझ हे मेक्सिकोतून येणाऱ्या शेतमजुरांचे पुत्र. कॅलिफोर्नियात जन्मूनही त्यांना बाराव्या वर्षापर्यंत इंग्रजी येत नव्हतं. नासाने त्यांना अकरा वेळा नाकारलं, बाराव्यांदा घेतलं, आणि २००९ मध्ये ते अंतराळात गेले. इंग्रजी लागतंच, त्यात शंका नाही, आणि ते नीट शिकायला हवं. पण ते शिकायची वस्तू आहे, जन्माची अट नाही. आपल्या गगनयानच्या चौघांना तर प्रशिक्षणासाठी तिशी-चाळिशीत रशियन शिकावं लागलं. सत्तरी किंवा पेडण्यातलं पोर घरात कोकणी, शाळेत मराठी, टीव्हीवर हिंदी आणि पाचवीपासून इंग्रजी पुस्तकं असं चार भाषांत वाढतं. त्याला ‘भाषेत कमी’ ठरवणं अन्याय आहे. कमी पडतं ते वेगळंच: प्रयोगशाळेचं कपाट उघडून मुलांच्या हातात उपकरण देणारं कोणी नसतं. पालकांनी शाळेत जाऊन त्यासाठी भांडावं, माध्यम बदलण्यासाठी नव्हे.

आता ‘गोव्यात सोय नाही’. इथे मी थोडी थांबणार आहे, कारण हे वाक्य लिहिणाऱ्याने गोवा पाहिलेलाच नाही.

वास्कोला हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. भारताच्या अंटार्क्टिका मोहिमा तिथून चालतात. ६ डिसेंबर १९८१ रोजी पहिली मोहीमही गोव्यातूनच निघाली होती. अंटार्क्टिकातल्या मैत्री आणि भारती या तळांवर हिवाळ्यात जेमतेम वीस-पंचवीस माणसं राहतात. महिनोन्‌महिने जहाज येत नाही, विमान येत नाही, काही आठवडे तर सूर्यही उगवत नाही. आजारी पडलं तर सोबतचा डॉक्टर हाच आधार. बंदिस्त जागेत त्याच त्या माणसांबरोबर भांडण न करता काम करत राहणं, ही अंतराळवीराची मोठी परीक्षा आणि तिचा सराव पृथ्वीवर करायचा तर तो असाच होतो. युरोपियन अंतराळ संस्था अंटार्क्टिकातल्या कॉन्कॉर्डिया तळावर यासाठीच संशोधन करते. इस्रोच्या मंगला मणी वयाच्या ५६व्या वर्षी भारती तळावर ४०३ दिवस राहिल्या. नासाच्या क्रिस्टिना कॉक यांनी अंतराळवीर होण्याआधी दक्षिण ध्रुवावर हिवाळा काढला होता. आणि या तळांवर फक्त शास्त्रज्ञच जात नाहीत. मेकॅनिक, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, आचारी, डॉक्टर, सगळे लागतात, आणि त्यांची भरती याच केंद्रातून होते.

दोनापावलाला १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. समुद्र आणि अंतराळ यांचं नातं जुनं आहे. जेसिका मेअर यांनी पेंग्विन आणि हत्ती-सील बुडी मारताना शरीरातला प्राणवायू कसा पुरवून वापरतात यावर संशोधन केलं आणि मग त्या अंतराळात गेल्या. १९८४ मध्ये अंतराळात चालणाऱ्या पहिल्या अमेरिकन महिला कॅथी सुलिव्हन या समुद्रतळाच्या भूशास्त्राच्या डॉक्टरेट. गोवा विद्यापीठात सागरी विज्ञान शिकता येतं, फर्मागुढीला आणि झुआरीनगरला अभियांत्रिकी शिकता येते, दाबोळीला नौदलाची लढाऊ विमानं रोज डोक्यावरून जातात. आठवीतल्या लेकराला आईपासून तोडून परराज्यातल्या क्लासच्या वसतिगृहात टाकायचं कारण मला यात कुठेच दिसत नाही.

एक गोष्ट मात्र गोव्यातल्या पालकांना कळकळीने सांगते. मुलांना पोहायला शिकवा. नासाच्या उमेदवारांना २५ मीटरच्या तलावात न थांबता तीन फेऱ्या मारायच्या असतात, मग त्याच फेऱ्या उड्डाणाचा पोशाख आणि बूट घालून. अंतराळात चालण्याचा सराव पाण्याखाली होतो. आणि आपल्याकडे नदी-समुद्राच्या काठावर वाढलेली कित्येक मुलं पाण्यात उतरलेलीच नसतात.

पासपोर्टचा सल्ला सर्वांत घातक आहे. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येतं, हे इथे घरोघरी माहीत आहे. पण नासाला अमेरिकन नागरिक लागतो, तिथे पोर्तुगीज पासपोर्टचा काडीचा उपयोग नाही. कल्पना चावला कर्नालच्या, पण नासात निवड होण्याआधी त्या अमेरिकन नागरिक झाल्या होत्या. पोर्तुगाल युरोपियन अंतराळ संस्थेचा सदस्य आहे, त्यामुळे तिथे अर्ज करता येईल, इतकंच खरं. ती संस्था २००८ नंतर थेट २०२१ मध्ये अर्ज मागवते, २२,५०० हून अधिक लोक अर्ज करतात आणि राखीव धरून सतराजण निवडले जातात. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. म्हणजे त्या सतरांतल्या एका जागेच्या आशेवर मुलाचं भारतीय नागरिकत्व सोडायचं, आणि त्यासोबत एनडीए, हवाई दल, गगनयान, सगळ्यावर पाणी सोडायचं. परदेशात नोकरीसाठी कोणी पासपोर्ट बदलला तर तो त्याच्या घरचा प्रश्न. अंतराळाच्या नावाखाली हे कुणाला सांगू नका.

राहिलं प्रमाणपत्र. नासाच्या अटींत विज्ञान, अभियांत्रिकी किंवा गणितातली पदव्युत्तर पदवी किंवा तिच्या तोडीचं शिक्षण, कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव किंवा वैमानिक म्हणून हजार तास, आणि शारीरिक चाचणी एवढं आहे. विकत मिळणाऱ्या कुठल्याही कोर्सचा त्यात उल्लेख नाही. २०२५ च्या निवडीत तिथे आठ हजारांहून जास्त अर्जांतून दहाजण घेतले. बाकीचे आपापल्या डॉक्टरकीत, संशोधनात, विमानांत परत गेले, आणि ते काम त्यांना आवडत होतं म्हणूनच ते तिथवर पोचले होते. मुलाला काय आवडतं ते बघून त्यात पक्कं करा.

आणि खर्चच टाळायचा असेल तर अंतराळविज्ञानाची ओळख करून देणारा इस्रोचा ‘युविका’ हा उपक्रम नववीच्या मुलांसाठी आहे. प्रवास, राहणं, जेवण सगळं इस्रोकडून, आणि खेड्यातल्या शाळेत शिकणाऱ्यांना निवडीत वेगळे गुण. वाळपई-केरीच्या शाळांतून किती अर्ज जातात ते मुख्याध्यापकांना जरूर विचारा, आणि जात नसतील तर या वर्षी पाठवायला लावा.