दीड तास म्हणे पुरतो!

आज पहाटे पावणेपाचला भाचीचा फोन. एवढ्या लवकर फोन वाजला की माझ्या पोटात गोळाच येतो. उचलला, तर आधी नुसतं नाक ओढल्याचा आवाज आणि मग, "आत्या, विमान गेलं."

गेलं म्हणजे सुटलं. पहिलं विमान पन्नास मिनिटं उशिरा पोचलं, दुसरं अगदी वेळेवर उडालं, आणि ही मधल्या विमानतळावर बॅग धरून उभी. उद्या सकाळी परिषदेत तिला पेपर वाचायचाय. दोन कंपन्यांची दोन तिकिटं, वेगवेगळी काढलेली, आणि मध्ये अंतर किती? दीड तास.

दीड तास!

महिन्यापूर्वी तिनं तिकिटं दाखवली तेव्हाच मी म्हटलं होतं, बाई गं, दुसरं तिकीट संध्याकाळच्या विमानाचं घे, नाहीतर सगळा प्रवास एकाच तिकिटावर बसव. त्यावर उत्तर काय, तर "आत्या, तुझी ती निळ्या बॅगेची गोष्ट पुन्हा नको हं." आणि पुढे हसून हसून रडणारे तीन चेहरे.

तर आता निळ्या बॅगेची गोष्ट सगळ्यांनाच ऐकावी लागणार आहे. ज्यांनी आधी ऐकली आहे त्यांनीही.

सात वर्षांपूर्वी मी आणि आई. स्वस्त पडतं म्हणून मी दोन तिकिटं जोडली. मध्ये दोन तास दहा मिनिटं. मला ते भरपूर वाटले. म्हणजे एकशे तीस मिनिटं. विमान पस्तीस मिनिटं उशिरा लागलं. आम्ही मागच्या रांगेत, त्यामुळे बाहेर पडेपर्यंत पंधरा. पासपोर्टच्या रांगेत पंचवीस. मग पट्ट्यासमोर वीस मिनिटं. आईनं ओळखू यावी म्हणून निळ्या बॅगेच्या मुठीला लाल लोकर गुंडाळली होती. एक खोकं, कोपरा फाटलेलं, आमच्यासमोरून चार वेळा फिरून गेलं आणि लाल लोकर काही दिसेना. दिसली तेव्हा धावत वर जायला आणखी पाच मिनिटं. उरली तीस. आणि काउंटर बंद झालं होतं उड्डाणाच्या साठ मिनिटं आधी.

काउंटरवरची मुलगी बॅगांना लावायच्या टॅगचा रोल गुंडाळून ठेवत होती. माझ्याकडे न बघता तिनं पेनाला टोपण लावलं, मग बघितलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, चेक-इन बंद झालंय. ती ओरडली असती तर मला भांडता तरी आलं असतं. आणि पलीकडच्या मोठ्या काचेतून विमान दिसत होतं. आई ट्रॉलीला टेकून बघत होती. म्हणाली, "ते आपलंच का गं? अजून उभंच आहे की. मग घेत का नाहीत?"

काय उत्तर देणार होते मी?

आता उत्तर माहीत आहे, म्हणून लिहितेय. एकाच तिकिटावर प्रवास असेल तर पहिलं विमान उशिरा आणणारेही तेच आणि पुढे पोचवायची जबाबदारीही त्यांचीच. दुसरं विमान सुटलं तर पुढच्यात जागा देतात, बॅगही परस्पर जाते. युरोपात तर यासाठी २६१/२००४ हा नियमच आहे. उशीर मधल्या विमानतळावर मोजायचा नाही, शेवटच्या मुक्कामी किती उशिरा पोचलात ते बघायचं, असं युरोपियन न्यायालयानं २०१३ मध्ये सांगून टाकलं. तीन तासांच्या वर गेलं आणि चूक कंपनीची असली, तर अंतरानुसार २५० ते ६०० युरो भरपाई. पण हे सगळं कधी? बुकिंग एक असेल तेव्हा. दोन तिकिटं म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही पहिल्या विमानात नव्हताच. तुम्ही घरून उशिरा निघालात, झोपून राहिलात की आकाशात घिरट्या घालत होतात, त्यांना काय करायचंय? तुम्ही आला नाहीत. विषय संपला.

आणि तो "किमान वेळ"! भाची म्हणाली, "अगं, त्या विमानतळाची कनेक्शनची किमान वेळ एक तासच आहे, मी बघितलंय." बघितलंस ना, मग ती कुणासाठी आहे तेही बघायचं होतंस. ती वेळ एकाच तिकिटावर जाणाऱ्यांसाठी. ज्यांची बॅग खालून परस्पर दुसऱ्या विमानात जाते, जे बाहेर न पडता या गेटवरून त्या गेटवर चालत जातात. व्हिएन्नाला तर २५ मिनिटांत विमान बदलता येतं अशी जाहिरात असायची. ते खरंही आहे. पण त्या २५ मिनिटांत पट्ट्यासमोर उभं राहून लाल लोकर शोधणं धरलेलं नाही.

बरं, वेळेवर म्हणजे तरी काय? अमेरिकेत पंधरा मिनिटांच्या आत उशीर असेल तर ते विमान "वेळेवर" धरतात. चौदा मिनिटं उशिरा आलं तरी कागदावर वेळेवर! आणि तुमची चौदा मिनिटं? ती गेली.

खरा संताप येतो तो तिकिटं विकणाऱ्या साइट्सचा. दोन तुटक तिकिटं एका रेघेवर ठेवतात, मध्ये सुबक ठिपका काढतात आणि "१ थांबा" लिहितात. कुठेतरी कोपऱ्यात, करड्या अक्षरांत, मुंगीच्या आकारात लिहिलेलं असतं की विमानबदल तुमचा तुम्ही करायचा आहे. अरे, मग ते ठळक लिहा ना! "ही दोन वेगळी तिकिटं आहेत, पहिलं चुकलं तर दुसरं बुडालं," एवढं मोठ्या अक्षरात लिहायला काय शाई लागते? वर त्यांची ती "दुसरं विमान चुकलं तर आम्ही बघू" अशी हमी, जास्तीचे पैसे भरून. काही जणांना तिचा उपयोग झालाय, मान्य. मी नाही भरणार.

प्रवासविम्याचंही तेच. विमान चुकलं तर पैसे देणाऱ्या पॉलिसी असतात, पण अनेकांत अट असते की मध्ये अमुक इतके तास ठेवलेले हवेत. म्हणजे ज्यानं आधीच पुरेसा वेळ ठेवलाय त्यालाच संरक्षण.

व्हिसाचं तर कुणाच्या लक्षातच येत नाही. बॅग घ्यायला बाहेर पडायचं म्हणजे त्या देशात शिरायचं. पहिली कंपनी तुमचं मधलंच गाव बघते, तिला पुढचं तिकीट माहीतच नसतं. माझ्या एका सहकाऱ्याला पहिल्याच विमानात चढू दिलं नाही, कारण मधल्या देशाचा व्हिसा नव्हता. तो सांगतोय, मला तिथे थांबायचंच नाही हो! पण बॅग कोण घेणार होतं, त्याचे काका? अमेरिकेत उतरलात तर साधारणपणे पहिल्याच विमानतळावर बॅग घेऊन कस्टममधून न्यावी लागते, तिकीट एक असो की दोन. आणि शहर एक म्हणून विमानतळही एकच असेल असं समजू नका. टोकियोला नारिता आणि हानेदा आहेत, लंडनला हीथ्रो आणि गॅटविक. इस्तंबूलचे दोन विमानतळ तर दोन खंडांत आहेत, एक युरोपात, दुसरा आशियात. घ्या आता दीड तास!

हो, माहीत आहे, काही जण लगेच लिहितील की आम्ही नेहमी असंच जातो, फक्त खांद्यावरची पिशवी, बोर्डिंग पास फोनमध्ये, आमचं कधी चुकलं नाही. तुम्ही तरुण आहात, तुमच्या सोबत आई नव्हती. काही कंपन्या वेगळ्या तिकिटावरही बॅग शेवटपर्यंत लावून देतात, हेही खरं. पण त्या पहिल्या काउंटरवर विचारून, टॅगवरचं शेवटचं गाव स्वतःच्या डोळ्यांनी वाचून मगच विश्वास ठेवा.

मी आता पाच तास ठेवते. बॅग असेल, देश बदलत असेल तर पाच. लोक हसतात. दुसरं विमान त्या दिवसाचं शेवटचं असेल तर ते घेतच नाही. आणि दुसऱ्या दिवशी काही महत्त्वाचं असेल तर आदल्या दिवशी पोचून तिथेच झोपते. विमानतळावर पाच तास बसणं म्हणजे शिक्षा आहे, पाठ मोडते, मान्य. पण ट्रॉलीला टेकून आपलं विमान काचेतून बघणं त्यापेक्षा वाईट असतं.

हे सगळं मी सकाळी फोनवर तिलाही ऐकवलं. "मी सांगितलं होतं," हेसुद्धा म्हणाले. म्हणायला नको होतं. ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "एका तिकिटाला जवळजवळ दुप्पट पडत होतं गं. परिषदेवाले प्रवासखर्च देत नाहीत." हे तिनं मला आधी का सांगितलं नाही? की मीच निळ्या बॅगेच्या नादात विचारलं नाही? आईनं तेव्हा मला एका शब्दानं दोष दिला नव्हता. रात्रभर त्या लोखंडी बाकड्यावर माझी शाल स्वतःच्या पायांवर घेऊन बसली आणि मला म्हणाली, तू जरा पड. आणि मी मात्र पहाटे पाचला पोरीला हिशेब शिकवत बसले.

संध्याकाळच्या विमानात तिला जागा मिळाली आहे, नवं तिकीट काढून. पेपर होईल. काही खाल्लंस का, एवढंही मी विचारलं नव्हतं, आत्ता मेसेज केलाय.

अरे देवा. लिहिता लिहिता आठवलं. निळ्या बॅगेच्या गोष्टीचा शेवट मी कधी कुणाला सांगतच नाही, लाज वाटते म्हणून. आमचं ते दुसरं तिकीट जाऊन-येऊन होतं. जाताना आम्ही चढलो नाही म्हणून त्यांनी परतीचंही रद्द करून टाकलं, आणि ते आम्हाला कळलं परतीच्या दिवशी, काउंटरवर.

भाचीला विचारलं, तुझी परतीची फेरी त्याच तिकिटात आहे का?

उत्तर आलंय. "हो. का गं?"

फोन लावतेय.